अंधारात उगवलेले वाटाणे

सरांनी मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा जे सांगितलं, ते दोन शब्दांत मावतं. "वास सांग."

परीक्षानळी आमच्या नाकाखाली धरायची, स्वतः मान दुसरीकडे वळवायची आणि वाट बघत उभं राहायचं. छान, घाण, बरा, कसातरी ही उत्तरं त्यांना चालत नसत. घाण म्हणजे कशी, मोरीसारखी की पावसात न वाळलेल्या चादरीसारखी, असा उलट सवाल यायचा. रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला असताना आम्हाला वाटायचं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत आहे. पद्धत म्हणून ती चांगलीच होती. आमची सगळी बॅच अजूनही नाकानं हुशार आहे.

पण कॉलेजाबाहेरही त्यांचं तेच चालायचं. काजूच्या बोंडांचा ढीग दिसला की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थांबवून विचारणार. एकदा स्नेहसंमेलनाला प्राचार्यांच्या पत्नीनं सुरंगीच्या फुलांचा वळेसर केसांत माळला होता. सर त्यांच्यापुढे गेले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, वास सांगता का जरा?" प्राचार्य पुढे महिनाभर त्यांच्याशी धड बोलत नव्हते. आपलं काय चुकलं हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बुटकी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी काचेच्या नळ्या, आणि उन्हाळा असो की हिवाळा, पायात पावसाळी चपला. फिजिक्सच्या प्रमुखांकडून दोन दिवसांसाठी म्हणून आणलेला वीज मोजायचा एक मीटर कित्येक वर्षं त्यांच्या टेबलावर होता. प्रमुख दर टर्मला मागायला येत आणि सर शांतपणे म्हणत, दोन दिवस अजून झाले नाहीत. त्या मीटरची सुई इतकी नाजूक की पंखा लागला तरी थरथरायची. म्हणून सरांच्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, आणि आत येणाऱ्यानं चपला काढून मांजरीच्या पावलांनी यायचं, असा कायदा होता. सुईशी मात्र ते बोलत. "चल गो बाय, हल आता," असं तिला लाडीगोडीनं सांगत.

हे सगळं गमतीचं वाटायचं, पण त्याच्या मुळाशी जे होतं ते मला पुढे कळलं. देवरूखची मी, त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले आणि राहायला खोली मिळाली ती सरांच्याच आळीत. तिथं आल्याआल्या शेजारणींनी मला नीलूची गोष्ट सांगितली.

नीलू म्हणजे सरांची मुलगी. बायको गेली तेव्हा ही अगदी लहान. आळी जिला काकू म्हणायची त्या म्हाताऱ्या घरमालकिणीकडे बापलेक दोन खोल्यांत भाड्यानं राहत आणि स्वयंपाक सरच करत. एका शनिवारी सकाळी त्यांनी बांगडे घेतले, स्वयंपाकघरात झाकून ठेवले आणि कॉलेजला गेले. त्या दिवशी परीक्षेचं प्रॅक्टिकल लांबलं. ऑक्टोबरचा उकाडा होता. संध्याकाळी येऊन त्यांनी बांगडे तळले आणि नीलूला वाढले. शनिवार पाळत असल्यामुळे स्वतः वरणभात जेवले. जेवणानंतर थोड्याच वेळात पोरीचं तोंड लालबुंद झालं, ओठ सुजले, उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला. अर्धी आळी रिक्षा करून त्यांच्याबरोबर सिव्हिल हॉस्पिटलात गेली.

दुसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली. तिथल्या तरुण डॉक्टरनं सहजच विचारलं, "मासे तळताना वास नाही आला तुम्हाला?"

सर म्हणाले, "मला वास येतच नाही."

आळीतली माणसं तिथंच उभी होती. काही वर्षांपूर्वी एका तापात सरांचं नाक गेलं होतं आणि ते त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. केमिस्ट्रीच्या मास्तरला नाक नाही म्हटल्यावर नोकरीवर कोण ठेवणार, ही भीती. वर्गातलं "वास सांग" शिकवण्यासाठी नव्हतं, ते विचारणं होतं. हे ऐकलं त्या दिवशी मला आमची सगळी प्रॅक्टिकलं आठवली. आमच्यातला एक जण त्यांची नक्कल करायचा आणि आम्ही खो खो हसायचो.

नीलूची मावशी दादरहून मिळेल त्या एसटीनं आली. ती बँकेत नोकरी करणारी, सरांच्या बायकोची मोठी बहीण. तिनं आरडाओरडा केला नाही. पोरीचे कपडे भरता भरता एवढंच म्हणाली, "भाऊजी, जे तुम्हाला कळतच नाही, त्यापासून तुम्ही तिला जपणार कसे?" नीलू मावशीबरोबर मुंबईला गेली आणि सरांनी उत्तर तयार करायला घेतलं.

ते उत्तर म्हणजे एक नळी. मासळी बिघडायला लागली की तिच्यात अमाईन जातीची द्रव्यं तयार होतात. आधी अगदी नखाएवढीसुद्धा नाहीत, हौदात चिमूट टाकावी इतकी. ती ओळखायची. वाटाणे भिजवून अंधारात उगवले तर त्यांच्या कोंबांत एक एन्झाइम असतं, ते नेमकं याच द्रव्यांवर तुटून पडतं आणि ते करताना भोवतालचा प्राणवायू खातं. प्राणवायू कमी झाला की प्लॅटिनमच्या तारेतून वाहणारी वीज कमी होते आणि सुई खाली येते. सुई खाली, म्हणजे मासा खायचा नाही. हे सगळं परदेशात कुठे कुठे चाललंय असं सरांनी वाचलं होतं. पण तिथल्या माणसांना विकत मिळणारं सामान इथं कुठून मिळणार? मग ज्योतीपरीक्षेच्या प्लॅटिनमच्या तारा प्रयोगशाळेतून गायब होऊ लागल्या. चांदीची तार हवी होती, ती सोनाराकडून बायकोच्या जोडव्यांतून ओढून आणली. वर ताणायचा पातळ पापुद्रा अंड्याच्या कवचातला.

पहिली नळी अंगठ्याएवढी जाड होती. सर ती बारीक करत गेले. बर्नरवर काच तापवायची, ओढायची, मोडायची, पुन्हा ओढायची. शेवटी ती बॉलपेनच्या रिफिलच्या आत बसेल एवढी झाली. मी विचारलं, एवढी बारीक कशाला? तर म्हणाले, मासा कापायला लागता कामा नये, नुसतं कल्ल्याशी टोचलं की कळलं पाहिजे, नीलूला भूक लागलेली असताना कापाकापी करत कोण बसणार? नीलू तेव्हा दादरला होती. पण त्यांच्या बोलण्यात ती नेहमी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी असायची.

या कामापायी त्यांची जी फजिती झाली तिला तोड नाही. तपासणीसाठी शिळी मासळी हवी, म्हणून ते मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जाऊन टोपलीटोपलीशी विचारू लागले, "कालची उरलेली आहे का?" आता जगात कुठली मासे विकणारी बाई हो म्हणेल? एकेक जण शपथा घ्यायला लागली. एकीला वाटलं, हा नगरपालिकेचा माणूस. मग त्यांनी एक दिवस मीटरच नेला, सुई दाखवली आणि प्रामाणिकपणे सगळं समजावून सांगितलं. त्यावर तर बाजारच उठला. शेवटी आमच्याच आळीच्या टोकाला राहणारी हमीदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, ह्यो डबा हितं आणू नका. सुई हलली तर आमी काय खायचा?" सरांना ते पटलं. पुन्हा कधी त्यांनी बाजारात नळी नेली नाही. हमीदाकडून रोज ताजे बांगडे घ्यायचे आणि प्रयोगशाळेत स्वतःच शिळे करायचे, असं ठरलं. त्या वासानं झूलॉजीवाल्यांनीही तक्रार केली. सर एकटेच त्यात आनंदानं बसलेले असत.

पुण्याच्या एका चर्चासत्रात त्यांनी हे काम मांडलं तेव्हा मागून एक जण म्हणाला, हे तर नाक फुकट करतं. सर म्हणाले, "ज्याला आहे त्याचं." आणि पुढचं चित्र दाखवायला लागले.

वाटाणे मात्र घरी उगवत. काकूंच्या घरात माजघरामागे एक काळोखाची खोली होती. पूर्वी त्या घरातल्या बाळंतिणी तिथं असत. खिडकी नाही, हवा थंड. सर ओल्या वाळूनं भरलेल्या बांबूच्या रोवळ्या तिथं मांडून ठेवत, आणि आठवड्याभरात पांढरट पिवळे, लांब मानेचे कोंब वर येत. ते कापून बर्फात खलायचे. कच्च्या मटाराचा तो हिरवा, तुरट वास सरांच्या घरात, शर्टात, छत्रीत, सगळ्यात मुरला होता. जिन्यात तो वास आला की सर आले हे स्टाफरूमला कळायचं. हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. नाक नसलेल्या माणसाला तुम्हाला वास येतो हे कसं सांगायचं?

एकदा बर्फात कोंब खलता खलता ते आपणहून म्हणाले, "नीलूचा वास मला ती पाच वर्षांची असेपर्यंतचा माहीत आहे. पुढचा नाही." मी खाली मान घालून खलत राहिले.

नळी जमली त्याच वर्षी मावशीनं कळवलं की दसऱ्याला जोडून सुट्टी आहे, नीलूला घेऊन येते. सरांनी लगेच सांगून टाकलं की नळी तयार आहे, समोर दाखवतो, पटलं तर जूनपासून पोरीला इकडे पाठवा. मावशीनं कबूल केलं. नवरात्रात आळीत मासळी नाही, दसऱ्याला गोडधोड, आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या घरांत मासे. नेमकी त्याच सकाळी एसटी येणार होती. नळीच्या टोकावरचं एन्झाइम थोड्याच दिवसांत मरतं, म्हणून सरांनी हिशेबानं ताजे वाटाणे घातले. मीही देवरूखला जायचं रद्द केलं.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही कोंब कापायला काळोखाच्या खोलीत गेलो. रोवळ्या रिकाम्या. वाळूत नुसते खुंट.

झालं होतं असं, की काकूंनी आपल्या घटाचं रुजवण, म्हणजे नवरात्रात पेरलेल्या धान्याचे कोंब, त्याच खोलीत ठेवलं होतं. कोकणात दसऱ्याला देवीचं ते पिवळं रुजवण कापून घरोघर वाटतात, पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी पहाटे हात फिरवला, तर एकीच्या जागी चार रोवळ्या भरून कोंब. काकूंनी सगळे कापले, हळदकुंकू लावलं आणि आळीभर वाटून आल्या. आम्ही विचारलं तेव्हा बिचाऱ्या खांबाला धरून खाली बसल्या. "अगो, मना वाटला, देवीनं यंदा सढळ हातानं दिलान."

सरांनी वाळूतला एक खुंट चाचपून बघितला. मग म्हणाले, "देवीनंच दिलं काकू. मी उसनं मागून आणतो."

आणि ते खरोखरच निघाले. मी बर्फ घातलेला डबा घेऊन मागे. दसऱ्याचा दिवस, जो तो आपट्याची पानं हातात ठेवून "सोनं घ्या" म्हणतोय, आणि सर म्हणताहेत, सोनं राहू दे, तुमच्या टोपीतलं ते द्या. पहिल्या घरात आजोबा चिडले. देवीचं दिलेलं परत मागतात का, म्हणाले. सरांना समजावून सांगता येईना, एन्झाइमपासून सुरुवात करायला लागले. शेवटी मीच मध्ये पडले आणि म्हटलं, उद्या नीलू येत्येय, तिला मासे खायला घालायचेत, त्या औषधाला हवंय. त्या शनिवारी रिक्षात नीलूचं डोकं आजोबांच्याच मांडीवर होतं. त्यांनी टोपी न काढता मान खाली वाकवली आणि सरांनी त्यांच्या टोपीतून वाटाण्याचा एकेक कोंब हलक्या हातानं काढून घेतला.

पुढे सांगावंच लागलं नाही. बातमी आमच्या आधी पोचत गेली. पोस्टातल्या कारकुनानं खिशातलं दिलं. एका नव्या सुनेनं वेणीत गुंफलं होतं, तिथं सर संकोचून मागे सरले, मग मी सोडवून घेतलं. देव्हाऱ्यातलं घ्यायला सर तयार नव्हते, तर घरच्या बाईनंच देवीला नमस्कार करून उचलून दिलं. काकू सगळीकडे रुजवण देत, हमीदाच्या घरीही. तिनं ते पेल्यात पाणी घालून ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्यात टवटवीत तिचंच. सर दारात घुटमळायला लागले तेव्हा ती म्हणाली, "पोरीसाठी हाय ना? मग मागताव कशाला, घेवन जावा." वर एक बांगडाही दिला. तो सरांनी मुद्दाम उघड्यावर ठेवला, संध्याकाळपर्यंत. मग तो बर्फात.

संध्याकाळी आम्ही कोंब धुतले. काहींना कुंकू लागलेलं, काही मलूल झालेले. सरांनी ते बर्फात खलले आणि निघालेलं एन्झाइम नळीच्या टोकावर चढवलं.

सकाळी नीलू आली. उंच झाली होती, दोन वेण्या, बोलण्यात मुंबई. आल्या आल्या ती बाबांच्या कमरेला बिलगली, मग मला लाजली. तिला खलबत्ता दिसला, उरलेले कोंब दिसले, आणि प्रवासाचा फ्रॉक न बदलता ती ते कुटायलाच बसली. फ्रॉकवर हिरवे शिंतोडे उडाले म्हणून मावशी ओरडली.

टेबलावर मी दोन बांगडे मांडले. एक हमीदानं त्याच सकाळी दिलेला, एक आदल्या दिवशी उघड्यावर ठेवलेला. कुठला कुठला ते मलाच माहीत होतं, सरांनाही नाही. मावशीनं दोन्हींचा वास घेतला. पुन्हा घेतला. दोन्ही चांगलेच आहेत, म्हणाली. मीही घेतला, मलाही फरक कळला नाही. मग सरांनी नळी टोचली. पहिल्या माशाला सुई जागची हलली नाही. दुसऱ्याला टोचली आणि ती हळूहळू खाली यायला लागली. देवीच्या हळदकुंकवातून आलेलं एन्झाइम जिवंत होतं.

"हा उघड्यावरचा," सर म्हणाले. मी मान हलवली.

मावशीनं तो मासा पुन्हा उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे भाऊजी, त्या दिवशी मी इथं असते तरी मला कळलं नसतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरचा तो एक प्रश्न त्या माणसानं इतकी वर्षं अंगावर वागवला होता. मला रडू आलं म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

जेवताना मावशी दिल्या शब्दाला जागली. जूनपासून नीलूला इकडच्या शाळेत घालू, म्हणाली. सर नीलूकडे बघत होते. ताटातल्या बांगड्याचा काटा तिनं सोडवला, बाजूला ठेवला, आणि उगाच तोच पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवला.

"पण मी म्हणतो," सर म्हणाले, "तिकडची शाळा चांगली आहे. मैत्रिणी आहेत. मॅट्रिक तिथंच होऊ दे. सुट्टीत येईल की."

नीलूनं मान वर केली आणि हसली. तिला किती हायसं वाटलं ते लपलं नाही. मग ती भराभरा जेवायला लागली आणि शाळेतल्या गमती सांगत सुटली.

दोन दिवसांनी त्यांना एसटीत बसवून परतताना मी सरांवर चिडले. एवढं सगळं केलंत ते कशासाठी, असं विचारलं. ते म्हणाले, "तिची सुई खाली आलेली मला दिसली. न दिसल्यासारखं कसं करू?"

नीलू शब्दाप्रमाणे दर सुट्टीत येत राहिली, आणि दर सुट्टीआधी काळोखाच्या खोलीत वाटाणे भिजत राहिले. आळीनं काकूंना ताकीदच दिली होती, डावीकडच्या रोवळ्या मास्तरांच्या. सर आता नाहीत. मी पुण्यात असते. थंडीत मटार सोलायला बसते तेव्हा एखादी शेंग चुरडून नाकाशी धरते, आणि मग त्या दिवशी मला बाकी काही सुचत नाही. मला सरांची फार आठवण येते. वास विचारणारं माणूस गेलं की वास सांगायचा कुणाला?

त्या दसऱ्यानंतर नीलू मुंबईला परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सर कॉलेजला आले ते हातात कागदी पिशवी घेऊन. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. त्यांनी पिशवीतून प्रवासातला तो फ्रॉक काढला. विसरून गेली, म्हणाले. तो माझ्यापुढे धरला, आणि मान दुसरीकडे वळवली.

"वास सांग. नीट सांग."

मी फ्रॉक तोंडाशी घेतला. "साबण, मुंबईचा, जरा उग्र," मी म्हटलं. "गळ्याशी खोबरेल. एसटीचं डिझेल. काखेत थोडा घाम, लहान मुलांचा असतो तसा, आंबूस नाही." मी थांबले. त्यांना कधीच न सांगितलेलं आता सांगावं लागणार होतं. "आणि मटार, सर. कच्चे कोंब. तुमच्या घराचा वास आहे तो. तुमच्या कपड्यांनाही येतो. तिच्या फ्रॉकभर आहे."

सर तसेच मान वळवून उभे होते.

"शेवटचा पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितला.